निळ्या कागदावरची नावं

(पनवेल तालुक्यातील महिला कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीत मला 'घरी शिकलेलं एक तंत्र' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मी चित्रकार नाही, फोटोग्राफरही नाही. पळस्पे गावात राहते. आपलं गाव लोकांना गाव म्हणून कमी आणि फाटा म्हणून जास्त माहीत असतं. पुण्याच्या जुन्या रस्त्यापासून गोव्याचा रस्ता इथे फुटतो, म्हणून बसचे कंडक्टर 'पळस्पे फाटा' म्हणून ओरडतात आणि माणसं उतरून दुसऱ्या गाडीला लागतात. अशा ठिकाणी राहून मी गेली काही वर्षं उन्हात फोटो छापते. या छपाईला सायनोटाइप म्हणतात. तिला कॅमेरा लागत नाही, अंधारी खोली लागत नाही, वीजही लागत नाही. दोन क्षार, कागद, ऊन आणि पाणी एवढ्यावर ती होते. ती कुठून आली, कशी करायची, आणि आपल्या चळवळीशी तिचा काय संबंध, अशा तीन भागांत मी बोलणार आहे.

आधी इतिहास. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ साली ही पद्धत शोधली. या माणसाची आत्या कॅरोलिन हर्शेल. तिने आकाशातले धूमकेतू शोधले. भावाची मदतनीस म्हणून १७८७ साली राजाने तिला वर्षाला ५० पौंड पगार सुरू केला. विज्ञानाच्या कामाचा पगार घेणाऱ्या अगदी पहिल्या बायकांमध्ये तिचं नाव घेतात. भाच्याचं नाव शाळेच्या पुस्तकात येतं, आत्याचं फार क्वचित.

हर्शेलच्या शोधानंतर वर्षभरातच, १८४३ साली, ॲना अ‍ॅटकिन्स नावाच्या बाईने समुद्रातल्या शेवाळांचं एक पुस्तक काढायला घेतलं. ते दहा वर्षं भागाभागाने निघत राहिलं. वाळवलेलं शेवाळ कागदावर ठेवायचं, उन्हात धरायचं, धुवायचं. प्रत्येक प्रतीचं प्रत्येक पान असं हाताने छापलेलं. फोटोंनी सजवलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून आज त्याचा मान आहे. पुस्तकातला मजकूरसुद्धा तिने स्वतःच्या अक्षरात लिहून याच पद्धतीने छापला. नाव मात्र पूर्ण घातलं नाही. प्रस्तावनेखाली फक्त 'ए. ए.' अशी दोन अक्षरं. पुढे ती पुस्तकं लोकांच्या हाती पडली तेव्हा लेखिका कोण हेच कुणाला आठवेना. काहींनी त्या दोन अक्षरांचा अर्थ 'अनामिक हौशी' असा लावला! दहा वर्षं केलेलं शास्त्राचं काम, आणि त्याची नोंद काय, तर हौस. हा 'हौस' शब्द लक्षात ठेवा. तो पुढे पुन्हा येणार आहे.

या पद्धतीचा मोठा वापर झाला तो पुढच्या काळात, नकाशांसाठी. इमारती, पूल, यंत्रं, रेल्वे यांचे आराखडे निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांत छापले जात. त्यालाच ब्ल्यू प्रिंट म्हणत. ती छपाई कचेऱ्यांतून केव्हाच गेली, शब्द राहिला. आता पुढारी भाषणात 'विकासाची ब्ल्यू प्रिंट' म्हणतात तेव्हा समोर कागदही नसतो. आपल्या पनवेल-उरण भागाला तर नकाशांचा अनुभव मोठा आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि आपल्या शेतांवर दुसऱ्याच कुणी काढलेल्या रेघा आल्या. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, पाच जण गोळीबारात गेले. त्या आंदोलनात बायका होत्या, हे इथल्या वडीलधाऱ्या मावश्यांना विचारा. मोबदल्याच्या कागदावर मात्र बहुतेक घरांत पुरुषाचंच नाव होतं, कारण सातबाऱ्यावर तेच होतं.

आता कृती सांगते. माझी भाची मुंबईत कलाशाळेत शिकत होती. तिने मला ही कृती वहीच्या पानावर लिहून दिली, आपण एकमेकींना लोणच्याचं प्रमाण देतो तशी. फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम, १०० मिलिलिटर पाण्यात. पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम, दुसऱ्या १०० मिलिलिटर पाण्यात. दोन वेगळ्या गडद बाटल्या, दोन्ही अंधारात ठेवायच्या. आपल्या दमट हवेत पहिल्या बाटलीत बुरशी धरते, म्हणून थोडं थोडंच बनवायचं. छापायच्या दिवशी दोन्ही सारखी मिसळायची आणि ते मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. खिडक्या बंद करून, साध्या मंद बल्बच्या उजेडात जाड ड्रॉइंग पेपरवर रुंद ब्रशने एक हात द्यायचा. कागद पिवळट हिरवा दिसतो. अंधारात वाळू द्यायचा. मग त्यावर पान, फूल, जाळी किंवा फिल्म ठेवायची, वर काच, काठाला चिमटे, आणि उन्हात.

एप्रिलच्या दुपारी आपल्या गच्चीवर पाच-सात मिनिटं पुरतात, डिसेंबरात पंधरा-वीसही लागतात. कागदाचा रंग बदलत जातो आणि शेवटी करडा, तांबूस झाक असलेला दिसतो. तो झाला की साध्या पाण्यात बुडवायचा. पिवळं पाणी निघून जातं. जिथे ऊन लागलं तिथे निळा रंग राहतो आणि जिथे वस्तूची सावली होती तिथे पांढरा कागद. हा निळा पुढच्या एका दिवसात आणखी गडद होतो.

यात होतं काय, तेही सांगते. आपल्याला वस्तू वापरायला देतात, ती चालते कशी हे सांगत नाहीत, ही आपली जुनी तक्रार आहे. पहिल्या क्षारात लोह असतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्या लोहाचं रूप बदलतं. बदललेलं लोह दुसऱ्या क्षाराशी जुळतं आणि पाण्यात न विरघळणारा निळा रंग तयार होतो. जिथे ऊन पोचलं नाही तिथलं द्रावण पाण्याबरोबर वाहून जातं. इतकं साधं आहे. पहिला क्षार तुम्हाला परकाही नाही. अंगात रक्त कमी म्हणून बाळंतपणात आपल्याला लोहाचं टॉनिक देतात, त्यातल्या काही टॉनिकांत हाच असतो. म्हणून बाटलीतला प्यायचा नाही, हे सांगायला नको!

दुसऱ्या बाटलीवरचं 'सायनाइड' वाचून आमच्या घरी गोंधळ झाला. सासूबाई म्हणाल्या, "काय गो हे, घरात विष आणलंस?" भीती रास्त होती, म्हणून नीट उत्तर दिलं, तुम्हालाही देते. या क्षारातलं सायनाइड लोहाशी घट्ट बांधलेलं असतं, त्यामुळे नेहमीच्या वापरात धोका कमी. पण तो तापवायचा नाही आणि संडास धुवायचं ॲसिड त्याच्या जवळही येऊ द्यायचं नाही, कारण त्यातून विषारी वायू निघू शकतो. हातमोजे घालायचे. स्वयंपाकाची भांडी वापरायची नाहीत, वाट्या-चमचे वेगळे ठेवायचे आणि त्यांवर खूण करायची. मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी कुलपात ठेवायचं. धुतलेलं पाणी विहिरीत किंवा तळ्यात सोडायचं नाही.

दोन बारकावे आणखी. बोअरिंगचं जड पाणी असेल तर निळा फिका पडतो, तेव्हा पहिल्या धुण्याच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालायचं. आणि कापडावर छापलं असेल तर साबण किंवा धुण्याचा सोडा लावायचा नाही, रंग उडतो. सुती कापड घ्यायचं, पॉलिस्टरवर हा रंग धरत नाही.

हे सगळं शिकायला अवघड नाही. अवघड होतं ते घरातली जागा आणि वेळ मिळवणं. स्वयंपाकघर माझं आहे असं सगळे म्हणतात, पण त्यात माझ्या दोन बाटल्यांसाठी फळी नव्हती. छपाईला दुपारी अकरा ते तीनचं ऊन लागतं. हीच वेळ जेवण वाढण्याची, डबे घासण्याची, धाकट्याला शाळेतून आणण्याची. उन्हात ठेवलेला कागद थांबत नाही. दहा मिनिटं म्हणजे दहाच. मी घरात सांगितलं की कागद उन्हात असेल तोवर मला हाक मारायची नाही, दार वाजलं तर दुसऱ्याने उघडायचं. दहा मिनिटांची मागणी ती केवढीशी! पण त्यावर आठवडाभर चर्चा झाली. नवरा म्हणाला, "तुझी हौस आहे, कर की, पण घर बघून." मी विचारलं, "तू रविवारी क्रिकेट खेळायला जातोस ते घर बघून जातोस का?" तो हसला, पण त्या रविवारपासून दुपारचं वाढणं त्याच्याकडे आलं. रोजचं नाही आलं, हेही सांगते. आपण मेळाव्यात श्रमविभागणीवर व्याख्यानं देतो. ती आपल्या घरात येते तेव्हा अशी दहा-दहा मिनिटांनी येते.

आता तिसरा भाग. माझं पाहून आमच्या गटातल्या बायका गच्चीवर येऊ लागल्या. पहिला कागद पाण्यातून निळा निघाला तेव्हा बौद्धवाड्यातल्या मैत्रिणी म्हणाल्या, "हा तर आमचाच रंग!" महाडचं चवदार तळं आपल्याच जिल्ह्यात आहे, तेव्हा या रंगाचा अर्थ आपल्याकडे नकाशापुरता राहणार नव्हताच.

छापायचं काय, यावर बोलणं झालं. फुलं-पानं सुंदर दिसतात, पण नुसतं सुंदर किती दिवस करणार? तेव्हा रानभाज्या सुचल्या. पावसाळ्यात पनवेलच्या बाजारात कातकरी आणि ठाकर बायका टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी घेऊन बसतात. कुठली कोवळी खायची, कुठली कशी शिजवायची, कुठल्या उतारावर कधी उगवते, हे सगळं त्यांना माहीत असतं. आम्ही त्यांच्याकडून भाज्या घेतल्या, जुन्या वर्तमानपत्रांत दाबून वाळवल्या आणि पाऊस गेल्यावर छापल्या. टाकळ्याची पानं संध्याकाळी मिटतात, म्हणून तो सकाळीच दाबायचा, हे आम्हाला एका कातकरी मावशीने सांगितलं. पावसात ऊन नसतं, तेव्हा गोळा करायचं. ऊन येतं तेव्हा छापायचं. काम हंगामाला आपोआप जुळलं.

प्रश्न उभा राहिला कागदाखाली नाव कुणाचं घालायचं याचा. आमच्यातल्या एकीचं म्हणणं, छापलं आपण, तेव्हा गटाचं नाव. दुसरी म्हणाली, भाजीचं नाव पुरे. मला तेव्हा एका जुन्या पुस्तकाची आठवण झाली. विल्यम जॉन्सन नावाच्या फोटोग्राफरने मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचं दोन खंडांचं पुस्तक काढलं, १८६३ आणि १८६६ साली. फोटोग्राफीच्या इतिहासात ते नावाजलेलं आहे. पण त्याची मांडणीच अशी की एकेका चित्राला एकेका जमातीचा मथळा. समोर उभं राहिलेलं माणूस म्हणजे त्याच्या जमातीचा एक नमुना. आपण शंभर-दीडशे वर्षांनी 'कातकरी महिलांच्या रानभाज्या' असा मथळा घालणार असू, तर त्यात आणि यात फरक काय?

शेवटी ठरलं की जिने भाजी आणली आणि माहिती सांगितली तिचं पूर्ण नाव कागदावर येईल, आणि जिने छापलं तिचंही. नाव छापायची युक्ती तीच, अ‍ॅटकिन्सबाईंची. पारदर्शक फिल्मवर काळ्या मार्करने लिहायचं आणि ती पानाशेजारी ठेवायची. निळ्यावर पांढरी अक्षरं उमटतात. ज्या मावशींना लिहिता येत नव्हतं त्यांनी आधी अंगठा पुढे केला. एकीने मात्र सांगितलं, "अंगठा नको, अंगठे लय दिले." तिने चार दिवस पाटीवर गिरवलं आणि मग फिल्मवर आपलं नाव लिहिलं. अक्षरं वाकडी आहेत, पण वाचता येतात.

ही गोष्ट नावावरून पुढे गेली, कारण नाव ही काही शोभेची वस्तू नाही. होमाई व्यारावाला भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जात, कारण बाईचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, तेव्हा त्या सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या. त्यांचं नाव शेवटी मिळालं तरी. आमच्या आजीचा अख्ख्या आयुष्यातला एकच फोटो होता, मतदार ओळखपत्रावरचा. ती गेल्यावर तोच मोठा करून हार घातला. तुमच्यापैकी किती जणींच्या घरी असं आहे? हात वर करायला सांगत नाही, मला माहीत आहे.

तर, नावं लिहून झाल्यावर एकीने मोठ्या फिल्मवर आपलं आणि नवऱ्याचं नाव लिहिलं, कागद छापला आणि दारावर लावला. निळ्यावर पांढरी अक्षरं, पूर्वी घरांवर पत्र्याच्या पाट्या असत तशी. मग सगळ्यांनीच तशा केल्या. आणि मग कुणीतरी विचारलं, दारावर आहे, पण दप्तरात आहे का? २००३ साली राज्य सरकारने ग्रामपंचायतीच्या दप्तरी घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावण्याचा निर्णय काढला, 'घर दोघांचे' म्हणून. आमच्यातल्या निम्म्याजणींनी हे ऐकलेलंच नव्हतं. आम्ही आपापल्या ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढला. काहींची नावं होती. पुष्कळजणींची नव्हती, कारण घरातून कुणी अर्जच केला नव्हता. त्यांनी अर्ज लिहिले. सगळे अर्ज मार्गी लागलेले नाहीत. दोन घरांत यावरून भांडणं झाली आणि त्या दोघी आता गच्चीवर येत नाहीत. त्यांच्याकडे आम्ही जातो. हे तुम्हाला सांगणं भाग आहे, कारण मेळाव्यात फक्त यशोगाथा सांगायची आपल्याला सवय लागली आहे.

कायदा आपल्या बाजूने हळूहळू आला आहे. १९९४ साली महाराष्ट्राने पहिलं महिला धोरण आणलं आणि त्याच वर्षी वारसा कायद्यात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबर हक्क देणारी दुरुस्ती केली. देशभरात ती २००५ साली झाली. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव बापाच्या नावाआधी येतं. कागद तयार आहेत, त्यांवर आपली नावं चढवायचं काम बाकी आहे, आणि ते एकेका घरात जाऊन करावं लागतं.

आता एक इशारा देते. हे काम पाहिल्यावर सल्ले येऊ लागले. बचत गटातून निळ्या उशांचे अभ्रे काढा, पिशव्या काढा, प्रदर्शनात ठेवा. कुणाला विकायचं असेल तर माझा विरोध नाही, बाईच्या हातात पैसा यायलाच हवा. पण हिशेब मांडून बघा. साबणाने रंग जातो अशा अभ्र्याला गिऱ्हाईक किती? पावसाचे चार महिने काम बंद. आणि बायकांनी काही शिकलं की ते लगेच 'उत्पन्नाचं साधन' झालंच पाहिजे, ही घाई कशासाठी? पुरुषाने बुद्धिबळ शिकलं तर त्याला कुणी विचारत नाही, यातून महिन्याला किती मिळतात. बाईचं शिकणं एक तर हौस, नाही तर रोजगार, या दोन खणांतच बसवतात. आम्ही शिकलो ते जाणून घेण्यासाठी, नोंद ठेवण्यासाठी आणि एकत्र बसण्यासाठी. हेही कामच आहे.

शेवटी तीन विनंत्या. एक, तुमच्या गावातल्या एका जाणत्या बाईकडची माहिती, रानभाजी असो, सुईणपण असो की ओव्या, या हंगामात तिच्या नावासकट नोंदवा. छपाईच हवी असं नाही, वही चालेल. दुसरी, आपल्या घराचा उतारा काढून बघा, नाव नसेल तर अर्ज द्या, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. तिसरी, ज्यांना ही छपाई शिकायची असेल त्यांनी पाऊस ओसरल्यावर, दसऱ्यानंतर, पळस्प्याला या. फाट्यावर उतरून कुणालाही विचारा. येताना एक जाड कागद, एक काच आणि दाबून वाळवलेलं पान आणा. क्षार मी देईन, ऊन आपल्याकडे भरपूर आहे.